शेवटचं कडवं राहू द्या

शिवप्पाअण्णांनी एखादं गाणं शेवटपर्यंत वाजू दिलंय, असं मला आठवत नाही. शेवटचं कडवं जवळ आलं की हे सुई उचलायचे. रेकॉर्डमधली बाई बिचारी दम घेऊन तयार, आणि हे आपले हात वर धरून बसलेले!

"अहो अण्णा, पुढचं?"

"पुढचं हाय की," एवढं म्हणून अण्णा डोळे मिटायचे. मी पुन्हा तोंड उघडलं की बोट ओठावर. आता सांगा, चांगलं जेवायला बसवायचं आणि ताक यायच्या आत पान उचलायचं, याला काय म्हणायचं? मी संतापून चपला घालायचो आणि घरी निघून यायचो.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात बाळीवेशीजवळच्या बोळात आम्ही शेजारी राहायचो. अण्णांचं पुढं भुसाराचं दुकान, मागं घर. घरात ते आणि त्यांची बायको, जिला सगळा बोळ अक्का म्हणायचा, अशी दोघंच. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तर. रविवारी बोळातले माग बंद पडले, खटखट थांबली, की दुकानाच्या फळीवरून हाक यायची, "या की मास्तर, नवा माल आलाय!"

माल म्हणजे रेकॉर्ड. तीही अशा गायिकेची, जिचं नाव तिच्या गल्लीतही कुणाला ठाऊक नसावं. हुबळी, बेळगाव, कुठल्या कुठल्या दीड खोलीच्या कंपन्या. वेष्टणावरचा फोटो इतका काळा की आत बाई आहे हे आपण विश्वासानं मानायचं. भावगीत असो, भजन असो, मराठी असो की कन्नड, अण्णांना सगळं चालायचं. अट एकच, गाणं गाजलेलं नको.

"गाजलेल्यात काय उरलंय? रेडिओनं चोखून टाकलंय सगळं," ते म्हणायचे. आवाजाची पारख ज्वारीसारखीच करायचे. आवडला तर अव्वल ज्वारीचं नाव, "मालदांडी हाय, मालदांडी!" नाही आवडला तर "मिलो." रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी खाऊन ज्यांचे दात शिणले होते, त्यांना यापुढं काही सांगायला नको.

आणखी एक खोड होती त्यांची. दुकानात धान्याला तोंड लावायला कुत्रं आलं तरी हा माणूस त्याला हाकलायचा नाही, विनवायचा. "जावा की आता, जावा बाबा." गिऱ्हाइकाला एकेरी बोलायचे, पण कुत्र्याला अहो-जाहो! मी त्यावरून त्यांची लई चेष्टा केली. अण्णा हसायचे, सांगायचे काही नाहीत.

एका रविवारी गाणं रंगात आलेलं असताना एक कुत्रं आत शिरलं आणि थेट माझ्या नव्या चपलेला भिडलं. मी ओरडलो, "हाड! हाड!"

अण्णांचा चेहरा उतरला. नेहमीच्या जागी त्यांनी सुई उचलली आणि स्वयंपाकघराकडं कान लावून बसले. आतून भांड्याचा आवाज तेवढा येत होता.

"गेलं की हो मास्तर आजचं," ते म्हणाले आणि मला दंडाला धरून बोळात घेऊन गेले.

"लग्न नवं हुतं," अण्णा हळू आवाजात सांगायला लागले. "आमच्या घरात सगळं कन्नड. ही जेऊरची, हिला कन्नडचा गंध न्हाय. सुपात ज्वारी पाखडत गात हुती एकदा. काय सांगू तुमाला, मी दारातच थांबलो. न राहवून म्हटलं, हाडु, हाडु. आमच्यात हाडु म्हंजे गा!"

मला हसू फुटलं.

"हसू नका. तिला वाटलं, नवऱ्यानं कुत्र्यागत हाकललं. सूप खाली ठेवलं आन् गप्प. आईनं समजावलं, मी समजावलं. बरं म्हणाली. आता कन्नडमध्ये माझ्यापेक्षा झ्याक भांडतीया, पण गा म्हटलं की तोंडाला कुलूप!"

"मग?"

"मग काय, एकदा रेकॉर्ड चालू असताना लाईट गेली. गाणं तुटलं मधीच. आन् आत भाकरी थापता थापता हिनं पुढचं पुरं केलं की हो! तिचं तिलाच ध्यान न्हाय. तवापासनं मीच लाईट घालवतो. गाणं ठाऊक नसलं की शेवट मनानं लावती. म्हणून नवं पायजे." मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तिला कळलं तर संपलंच, मास्तर. पुन्हा तोंड उघडायची न्हाय. बोलू नका कुठं."

पुढच्या रविवारी सुई उचलल्यावर मी पहिल्यांदा तोंड मिटून बसलो. आतून बारीक, जरा घोगरा आवाज आला. शेवटचं कडवं, शब्द नाहीत, नुसती चाल. अण्णांचे डोळे मिटलेले आणि ओले. मी चपलांकडं बघितलंही नाही.

नंतर एकदा अण्णा ज्वारीच्या खरेदीला मंद्रूपच्या बाजाराला गेले होते आणि टपालानं रेकॉर्डचं पुडकं आलं. मी तिथंच होतो. मी निघालो तर अक्कांनी थांबवलं, स्वतःच सुतळी सोडली आणि म्हणाल्या, "लावा की मास्तर."

मला आनंद झाला. चला, एकदा तरी आख्खं गाणं ऐकायला मिळणार! अक्का उंबऱ्यावर बसल्या. ओठ हलत होते, बोटं मांडीवर ठेका धरत होती. शेवटचं कडवं आलं, तशा एकदम म्हणाल्या, "उचला, उचला!"

दचकून मी सुई उचलली. "का हो अक्का?"

"पुढचं ऐकलं तर माझं कुठनं सुचायचं?" त्या म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसत हसल्या. "त्यास्नी सांगू नका हं. त्यास्नी वाटतंय, मला काय ठावं न्हाय."

"मग समोर का गात नाही त्यांच्या?"

"इतकी वरसं गप बसले. आता एकदम समोर बसून गायची लाज वाटती हो," म्हणाल्या आणि सुतळी होती तशी बांधायला लागल्या.

रविवारी अण्णांनी ते पुडकं माझ्यासमोर मोठ्या थाटात सोडलं. रेकॉर्ड लावली, जागेवर सुई उचलली. आतून शेवटचं कडवं आलं, आणि या खेपेला शब्दांसकट, शब्दही अक्कांचे स्वतःचे.

अण्णा माझ्या कानाशी वाकले. "बघा मास्तर! एकदाच ऐकलंय तिनं, तरी शेवट कसा जुळवला! मालदांडी हाय का न्हाय?"

"हाय की, अण्णा," मी म्हटलं.