कारणाचा रकाना

मी फक्त एक कुलूप आणलं होतं. पुढे जे काही झालं त्याचा दोष त्या कुलपाला द्यावा असं मला अजूनही वाटतं, पण आमच्या घरात या मताचा मी एकटाच आहे.

झालं असं की, आमचा पंप बनवणारा कारखाना बंद पडला. तिथे मी एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. स्टोअरकीपर म्हणजे जाळीच्या खिडकीमागे बसणारा आणि कोणीही काहीही मागायला आलं की आधी 'चिठ्ठी?' असं विचारणारा माणूस. चिठ्ठीवर चार रकाने असत: वस्तू, संख्या, कारण आणि सही. खाली कार्बन लावून दुसरी प्रत. चिठ्ठी नाही तर माल नाही. एकदा खुद्द मालकांना मी एका खिळ्यासाठी पाऊण तास ताटकळत ठेवलं होतं. (कारखाना त्यामुळे बंद पडला नाही. मी चौकशी केली आहे.)

निघताना सगळ्यांना एकरकमी पैसे मिळाले. ते बँकेत ठेवून मी सहा महिने घरी बसलो. मग एका सोमवारी औषधांच्या एका गोदामाचं पत्र आलं. तिथे मी महिन्यापूर्वी मुलाखत देऊन आलो होतो आणि ती विसरायचा मनापासून प्रयत्न करत होतो. त्या गोदामात चिठ्ठ्या नव्हत्या, खोक्यांवर काळ्या रेघा होत्या, आणि त्या रेघा वाचायला पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. मॅनेजरबाईंनी ते माझ्या हातात दिलं. मी ते उलटं धरलं आणि यंत्राने माझ्या शर्टाचं बटण वाचायचा प्रयत्न केला. मॅनेजरबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

आणि तरीही पत्र आलं. नोकरी देत आहोत, पहिले सहा महिने प्रोबेशन, मान्य असल्यास सही करून शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत स्वतः आणून द्यावे.

यात विचार करण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. बायकोही तेच म्हणाली. पण पत्र वाचल्यापासून मी ते चार वेळा घडी घालून पुन्हा उघडलं होतं. मी तिला समजावून सांगितलं की पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, घरात माणसं तीनच (आम्ही दोघं आणि सासूबाई), तिचं शिवणकाम आहे, बँकेत बचत आहे, मग नोकरी करायचीच कशाला? बेताने राहिलं तर बचतीवर आरामात जगता येईल. त्या यंत्राचा आणि या विचाराचा काही संबंध नाही, हेही मी आपणहून सांगितलं. तिने त्याबद्दल विचारलंच नव्हतं.

"बघा," बायको म्हणाली. तिच्या 'बघा'मध्ये परवानगी नसते, हे मला एकतीस वर्षांत कळायला हवं होतं. मी दुपारी बाजारात जाऊन कुलूप घेऊन आलो.

बेत साधा होता. शनिवारपर्यंत घर बचतीवर चालवून पाहायचं, तेही कारखान्याच्या शिस्तीने. साखर, चहा, तेल, साबण, बल्ब, शिवणाचे दोरे, नळाचे वॉशर, पाना, सगळं स्वयंपाकघरातल्या मोठ्या कपाटात घातलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली आणि जुन्या वहीची पानं फाडून चिठ्ठ्या तयार केल्या. कार्बन माझ्याकडे होताच. गोदामाचं पत्रही मी त्याच कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर साबणाच्या वड्यांखाली ठेवलं. ते जपून राहावं म्हणून. (ते दिसू नये म्हणून.)

मंगळवारी सकाळी बायकोची पहिली चिठ्ठी आली. वस्तू: दोरा, पांढरा. संख्या: एक. कारण: कपडे दोऱ्याने शिवतात. मी ती मंजूर केली. सासूबाईंच्या चिठ्ठीवर होतं: साखर, दोन चमचे, कारण: वय एकोणऐंशी. मी एक चमचा मंजूर केला आणि उरलेल्या चमच्यासाठी सबळ कारण मागितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काठी घेतली आणि त्या शेजारच्या पोस्टमास्तरांकडे चहाला निघून गेल्या. पोस्टमास्तर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण लोकांच्या बातम्या घरोघरी पोचवणं त्यांनी अजून सोडलेलं नाही. सासूबाईंनी तिथे काय सांगितलं ते मला बुधवारी कळलं.

बुधवारी पोस्टमास्तर सफरचंदांची पिशवी घेऊन आले. दाराशी चपला काढतानाच त्यांनी आवाज खाली आणला होता. सासूबाई त्यांना एवढंच म्हणाल्या होत्या की, जावई नीट जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, दिवसभर कागदांची आवराआवर चालली आहे आणि घरातली साखर बंद केली आहे. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती.

"किती मुदत आहे?" त्यांनी माझ्या शेजारी बसत विचारलं.

"शनिवारपर्यंत," मी म्हणालो.

"या शनिवारपर्यंत?"

"संध्याकाळी पाच."

पोस्टमास्तरांचा चेहरा पडला. इतकं नेमकं सांगतात का हल्ली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, लेखी दिलंय. मग त्यांनी दुसऱ्या कोणाचा सल्ला घेतला का म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं की बायकोच्या मते यात विचार करण्यासारखं काहीच नाही. त्यावर ते बराच वेळ आत शिवणयंत्रावर बसलेल्या बायकोकडे बघत राहिले. जाताना त्यांनी माझा हात दाबला आणि आपल्याकडून कधी काही चुकलं असेल तर मनात ठेवू नका, असं सांगितलं. नोकरीच्या एका साध्या प्रश्नात ते इतके गुंतलेले पाहून मला भरून आलं. सफरचंदं मी कपाटात जमा करून घेतली.

खर्च खरोखर कमी झाला होता. मला समाधान वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. उलट दर तासाला नवी भीती. बचत पुरेल, पण छप्पर गळलं तर? सासूबाई पडल्या तर? आणि समजा सगळं सुरळीत चाललं, तर मी पुढची वीस वर्षं एका कपाटासमोर बसून काढणार का? दुसरीकडे गोदामाचा विचार आला की हातात ते यंत्र दिसायचं. मग मी उठून कपाटाचं कुलूप ओढून बघायचो. ते लागलेलंच असायचं.

गुरुवारी सकाळी ओट्यावरच्या नळाचं तोंड निसटलं. पाण्याचा फवारा थेट छतावर गेला. बायकोने धावत येऊन नळावर दोन्ही तळवे दाबले, तरी बोटांमधून पाणी चारी दिशांना उडत होतं. सासूबाईंनी स्टुलावर बसून पाय वर घेतले.

"अहो, पाना आणि वॉशर द्या लवकर."

आणि मी म्हणालो, "चिठ्ठी?"

मी शपथेवर सांगतो, मला तसं म्हणायचं नव्हतं. एकतीस वर्षं कोणी पाना मागितला की तोंडातून हाच शब्द निघत आला होता. तो निघाला. नळावर हात दाबून, केसांमधून पाणी निथळत असताना बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, कारण मी लिहून देते, हात कोरडा असलेली मीच आहे.

मग माझी धावपळ सुरू झाली. खिशात किल्ली नव्हती. ती कालच्या पँटच्या खिशात होती आणि पँट बादलीत भिजत होती. किल्ली सापडून कपाट उघडेपर्यंत पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, आणि वॉशर निघाला तो आकाराने मोठा. शेवटी प्लंबरला बोलावलं. त्याने आत शिरताच बाहेरचा मुख्य कॉक फिरवला आणि पाणी बंद झालं. हा कॉक आधीच का बंद केला नाही, असं त्याने विचारलं. मी तेव्हा पंख्याखाली कार्बन वाळवत होतो. तीन दिवसांत वाचवलेलं सगळं तो माणूस वीस मिनिटांत घेऊन गेला.

शुक्रवारी बायकोने कपाटाचा ताबा घेतला. आरडाओरडा नाही, काही नाही. एका कागदावर तिने यादी केली: कुलूप एक, किल्ली एक, चिठ्ठ्या कोऱ्या एकवीस, कार्बन एक (ओला). खाली 'चार्ज दिला' असं लिहून माझी सही घेतली, 'चार्ज घेतला' असं लिहून स्वतःची केली आणि किल्ली कमरेला खोचली. काम इतकं चोख होतं की मला नाव ठेवायला जागा राहिली नाही.

शनिवारी दुपारी अडीच वाजता मी तिच्या शिवणयंत्रापाशी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, ते पत्र हवंय.

"चिठ्ठी," ती मान वर न करता म्हणाली.

मी चिठ्ठी लिहिली. वस्तू: पत्र. संख्या: एक. कारण: उत्तर देणे. तिने वाचून परत केली. कारण अपुरं आहे म्हणाली. मी दुसरी लिहिली: बचत दहा वर्षं पुरेल की बारा, याची खात्री नसल्यामुळे. तिने तीही परत केली. हा हिशेब झाला, कारण नाही, असं तिचं म्हणणं पडलं. आता तीन वाजून गेले होते. कारखान्यातली माणसं माझ्या खिडकीसमोर कशी उभी राहत असतील ते मला पहिल्यांदाच कळत होतं.

मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. पेन्सिल दोनदा तासली. कारणाचा रकाना बोटभर रुंदीचा होता आणि एकतीस वर्षांत मी त्यात कोणालाही खोटं लिहू दिलं नव्हतं. शेवटी मी लिहिलं: तिथलं मला काहीच येणार नाही आणि ते सगळ्यांना कळेल, याची भीती वाटते.

बायकोने वाचलं. शिवणयंत्र थांबलं.

"कारखान्यात पहिल्या दिवशी काय येत होतं तुम्हाला?"

काहीच नाही, हे तिला माहीत होतं. आमचं लग्न होऊन दोनच महिने झाले होते. पहिला महिनाभर मी रोज रडकुंडीला येऊन घरी यायचो आणि बोल्टचे आकार पाठ म्हणायचो, ती वहीत बघून चुका सांगायची.

"तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो," मी म्हणालो.

"आता चोपन्नचे आहात. वही अजून आहे माझ्याकडे, नवीन करू पाठ." तिने सुईत दोरा ओवला. "आणि बचतीचं म्हणाल, तर पैसे पुरतील हो. मी नाही पुरणार."

माझे डोळे भरून आले. हे मी चिठ्ठीवर लिहिलं नाही, पण इथे सांगतो. तिने कमरेची किल्ली काढली, साबणाखालून पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि चिठ्ठीवर 'दिले' असा शेरा मारला. मी 'मान्य'खाली सही केली. ती अशी आली की सही माझीच आहे हे बँकेने मान्य केलं नसतं. पत्र हातात मळेल म्हणून बायकोने ते आत नेऊन पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवून दिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी धापा टाकत गोदामात पोचलो तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. मॅनेजरबाईंनी पाकीट उघडलं. पत्र बाहेर आलं आणि त्याला टाचलेला एक कागद. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला आणि माझ्यासमोर सरकवला. अक्षर बायकोचं होतं.

वस्तू: स्टोअरकीपर. संख्या: एक. स्थिती: वापरलेला, चालू. कारण: घरात ठेवायला जागा नाही. शेरा: रोज संध्याकाळी सहा वाजता परत पाठवावा. त्याआधी घेतला जाणार नाही.

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मॅनेजरबाईंनी मात्र पेन काढलं, कागदावर 'मिळाला, तपासणी बाकी' असं लिहिलं आणि खाली सही केली.

"मॅडम, तारीख राहिली," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, तारीख घातली, कागद परत दिला आणि आमच्याकडे हेच कोणी बघत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलं, असं म्हणाल्या. सोमवारी नऊला या.

मी जवळजवळ पळतच घरी आलो. दाराची कडी आतून लागलेली होती. खिडकीतून सासूबाईंनी माझ्या हातातला कागद मागून घेतला, लांब धरून वाचला, मग घड्याळाकडे पाहिलं. अजून पाच चाळीसच झालेत, असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. आतून कपात साखर ढवळल्याचा आवाज येत होता, आणि ती चांगली दोन चमचे असावी.

मी पायरीवर बसून राहिलो. तेवढ्यात पोस्टमास्तर फिरायला बाहेर पडले. मला पाहून ते जागीच थबकले.

"पाच वाजून गेले की हो," ते म्हणाले. "म्हणजे टळलं?"

"नाही," मी म्हणालो. "आता सहाला."

पोस्टमास्तर माझ्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सहा वाजेपर्यंत सोडला नाही.