भिकाआबांची ओली गोधडी

आमच्या कोसाडच्या बिल्डिंगमध्ये रोज सकाळी सगळ्यात आधी वाळत पडायची ती भिकाआबांची गोधडी. रोज म्हणजे रोज, थंडीतसुद्धा. पाणी असं गळायचं की खालच्या मजल्यावरच्या काकूंचे पापड दोनदा वाया गेले. काकू खालून ओरडायच्या आणि आबा वरून म्हणायचे, "तुले काय करनं शे?"

तुला काय करायचंय, हे आबांचं सगळ्या जगाला एकच उत्तर. गावाकडून फोन आला, भाजीवाल्याने तब्येत विचारली, तरी तेच. वय साठीला आलंय, कापडाच्या लूमवर दिवसपाळी करतात, घरात एकटेच असतात. ताट घासायचा कंटाळा म्हणून भाकरी हातावर घेऊन खातात. पण गोधडी रोज भिजलेली. मला खरंच काही कळायचं नाही.

आता मध्येच परीचं सांगते, कारण तिच्याशिवाय हे पुढे जातच नाही. परी माझ्या दादाची मुलगी, सात वर्षांची. अजून अंथरूण ओलं करायची. तिची छोटी गोधडी आमच्या गॅलरीत, आबांच्या गॅलरीच्या शेजारी. आधी बिल्डिंगची पोरं खालून तिला चिडवायची. मग आबांची मोठी गोधडी दिसायला लागली आणि पोरांनी परीला सोडून "मुतऱ्या आबा" सुरू केलं. आबांचं तेच, तुले काय करनं शे.

परीला फक्त एक पाहिजे होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याकडे आजोळी जायचं आणि झोके खेळायचे. मागच्या वर्षी ती ऐनवेळी नाही म्हणाली. तिथे सगळ्या बहिणी एका ओळीत झोपतात ना. शू थांबावी म्हणून तिळाचे लाडू झाले, संध्याकाळनंतर पाणी बंद झालं, दादाचं रागावणं झालं, फरक काही नाही.

त्यात परी घोरते पण भयंकर, तोंड उघडं टाकून. सर्दी हटत नव्हती म्हणून वहिनी आणि मी तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नाक बघितलं, घसा बघितला आणि गुजरातीत विचारलं, "राते पथारी भीनी करे छे?" रात्री अंथरूण ओलं करते का, असं.

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. नाक कुठे, शू कुठे? डॉक्टर म्हणाले, नाकामागची गाठ वाढलीय, झोपेत श्वास अडतो. त्याने शू जास्त बनते आणि मुलाला जागही येत नाही. ऑपरेशननंतर बऱ्याच मुलांचं थांबतं, पण सगळ्यांचं नाही.

घरी दादा म्हणाला, "वरचा नळ दुरुस्त केला की खालचा गळायचा थांबतो, असं कुठे असतं का?"

मला मात्र एकदम आबा आठवले. धावतच गेले. "आबा, तुम्ही घोरता का?"

"का वं?"

"नाक दाखवून या. तुमचं पण थांबेल."

आबांचं नेहमीचंच, "तुले काय करनं शे?" मग लगेच परीबद्दल, "पोरगीनं थांबी ना पन?"

ऑपरेशन झालं. लगेच काही नाही. मग एक दिवस गोधडी कोरडी, मग दोन दिवस ओली, मग कोरडीच. आखाजीच्या आधी परीने स्वतः बॅग भरली आणि वहिनीला घेऊन गेली पण.

ती गेली आणि आबांची गॅलरी रिकामी. दुसऱ्या दिवशी पण. मी परत धावले. "आबा, तुम्ही पण ऑपरेशन केलं?"

"माले काय व्हयेल शे? बादलीमा बुडवू अन् टाकू."

म्हणजे थंडीतसुद्धा रोज कोरडी गोधडी बादलीत भिजवून वाळत टाकायचात?

"का पण?"

ते म्हणाले, "पोरगी झोका खेळनी का?"

वहिनीने व्हिडिओ पाठवला होता, तो लावला. परी उंच झोक्यावर, मागून बहिणी ढकलतायत. आबांनी परत लावायला सांगितला. मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "मी बी लहानपनी आखाजीले कधी गऊ नही."

"का?"

या वेळी 'तुले काय करनं शे' नाही आलं.

"वली गोधडी," आबा म्हणाले. "आख्ख्या गल्लीमा एकच."