व्ह्यू सोडून काय आहे?

कुठल्याही रिसॉर्टच्या अंगणात पाय ठेवला, की आमचे साळवे सर जमिनीवर आडवे होतात. सतरंजी नाही, काही नाही. पाठ जमिनीला, डोळे मिटलेले, तळवे आभाळाकडे. "शवासन," असं स्वतःलाच बजावतात आणि मग हलत नाहीत. एकदा कर्जतकडच्या एका मालकाने घाबरून त्यांच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं. सर डोळे न उघडता म्हणाले, "पाणी बोअरचं आहे. पुढे?"

साळवे सर मुलुंडला आमच्या समोरच्या दारात राहतात. शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिट्टी अजून गळ्यात असते आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती वाजतेसुद्धा. मी त्यांची ड्रायव्हर. म्हणजे नोकरी अंधेरीच्या एका ऑफिसात करते, पण गाडी माझी आणि रविवारही माझा, आणि या दोन्ही गोष्टी सरांना सार्वजनिक मालमत्ता वाटतात. मला सुट्टीत एसी, स्विमिंग पूल आणि कुणीतरी हातात आणून दिलेला चहा लागतो. सरांपुढे हे बोलायची सोय नाही.

आडवं होण्याचं कारण सरांच्या पत्नी, मंगलकाकू. सर आणि काकूंनी उमेदीच्या काळात जवळपासचा एकही गड सोडला नव्हता. कुठे छान दिसतंय असं वाटलं की काकू तिथे फतकल मारून बसायच्या आणि हलायचं नाव घ्यायच्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी पार गेली. तेव्हापासून दवाखाना सोडला तर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. "तुम्ही जा, मला तिथे काय दिसणारे," एवढंच म्हणायच्या. मग सरांनी पणच केला. मंगलला एका रात्रीसाठी तरी रानात मुक्कामाला न्यायचं, आणि जागा अशी शोधायची की डोळे मिटले तरी तिच्यात काही कमी पडू नये. म्हणून ते शवासन.

फोनवर तर सर कुणाला सुटू देत नसत. समोरचा मालक व्हॅली व्ह्यू, लेक व्ह्यू, सनसेट व्ह्यू अशी माळ लावायचा. सर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "व्ह्यू राहू द्या. व्ह्यू सोडून काय आहे?" भलेभले इथे गडबडायचे. एकाने वाय-फाय सांगितलं. दुसऱ्याने बराच विचार करून गिझर सांगितला.

प्रत्यक्ष परीक्षा तर त्याहून कडक. जनरेटरचा आवाज आला, नापास. खोलीत रूम फ्रेशनर मारलाय, नापास. एका ठिकाणी झऱ्याकाठची खोली होती. सर आडवे झाले, झुळझुळ ऐकून त्यांचा चेहरा उजळला, मलाही वाटलं सुटले एकदाची. तेवढ्यात झरा बंद पडला. मालक म्हणाला, "गेस्ट नसले की आम्ही मोटर बंद ठेवतो, सर. चालू करू का परत?" सर उठले, पँट झटकली आणि मुलुंड येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. जशी काही मोटर मीच बंद केली होती.

घरात वेगळीच शिस्त. काकूंसमोर ‘बघ’, ‘दिसतं’, ‘रंग’ असले शब्द काढायचे नाहीत, अशी सगळ्या मजल्याला सक्त ताकीद. माझी आई हौसेने नवी साडी दाखवायला गेली आणि ‘कापड मऊ आहे’ एवढंच बोलून परत आली.

शेवटी मुरबाडच्या पुढे, हिराबाई नावाच्या एका बाईंच्या घरी, सर आडवे झाले ते बराच वेळ उठलेच नाहीत. सारवलेलं अंगण, मागे ओढा, तोही खरा, चुलीवरची भाकरी. सर म्हणाले, "पास. डिस्टिंक्शन."

जागा मिळाली, आता काकू हलेनात. सरांनी वाद घातला नाही. गादी उचलली आणि गच्चीवर झोपायला गेले. "तू येत नाहीस तोवर मी घरात झोपणार नाही." मुलुंडचे डास तुम्हाला माहीत नसतील तर नशीबवान आहात. आठवडाभरात सरांचं तोंड ओळखू येईना. रोज सकाळी काकू चाचपत चाचपत त्यांच्या गालावर मलम लावायच्या. एका सकाळी मलम लावता लावताच म्हणाल्या, "बास झालं. येते मी. पण एकच रात्र हं."

दसरा नुकताच झाला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. हिराबाईंकडची रात्र ठीक गेली. सकाळी आम्ही तिघं पडवीत चहा घेऊन बसलो आणि सरांनी कार्यक्रम सुरू केला. "मंगल, हे सातभाई. कसे भांडतायत ऐक. हा ओढा. आता वारा आला की सागाची पानं वाजतील. वाजली बघ... ऐक. पाय टेकव खाली, सारवण गार लागतं." काकू प्रत्येकाला "हं" म्हणत होत्या. दर वेळी तो "हं" थोडा बारीक होत होता आणि सरांचा आवाज थोडा चढत होता. दोन वर्षांची वणवण या माणसाच्या डोळ्यांसमोर फुकट चालली होती. मला ते पाहवेना.

काकूंनी कप खाली ठेवला. "समोर काय आहे?"

"ओढा. सांगितलं ना."

"ओढा ऐकला मी. समोर दिसतंय काय?"

सर माझ्याकडे बघायला लागले. "राहू दे ना ते, मंगल."

"का राहू दे? दोन वर्षं नुसतं ऐकवताय मला. हे हुंग, ते चाचप." काकूंचा आवाज जराही चढला नव्हता. "आंधळी मी झाले आणि मुके तुम्ही सगळे झालात."

सरांनी मान वर केली. या घरी ते आधी येऊन गेले होते, पण सगळा वेळ डोळे मिटून. समोरचं त्यांनीही आजच पाहिलं.

"डोंगर आहे," ते म्हणाले.

"कसा?"

"उभा."

"आडवा कधी असतो? रंग कुठला?"

"हिरवा."

"कुठला हिरवा?"

सर उठून पडवीच्या कडेला गेले. बराच वेळ बघत राहिले. "खाली मेथीची भाजी शिजल्यावर होते ना, तसा. वर जाता जाता फिका. मध्ये काळा कातळ आहे. त्याच्यावरून पाण्याची धार उतरतेय. मैदानावर फक्कीची रेघ मारायचो ना मी, तशी. पण वाकडी." एवढं बोलून ते काकूंशेजारी येऊन बसले.

काकूंनी हात पुढे केला. सरांनी तो आपल्या खांद्यावर घेतला. "सांगा," काकू म्हणाल्या. "मला घाई नाही."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. कप विसळायच्या निमित्ताने मी आत गेले. बाहेर सर सांगत होते, कौलांवर चढलेला भोपळ्याचा वेल, बांधावरची बकरी, पलीकडून येणाऱ्या बाईचं लुगडं. ते जांभळं की वांगी रंगाचं यावर दोघांची जुंपली, आणि लगेच काकूंचं हसू ऐकू आलं. दोन वर्षांत ते हसू आमच्या मजल्यावर कुणी ऐकलं नव्हतं.

नाश्ता करून निघायचं ठरलं होतं. मी बॅगा गाडीत टाकल्या आणि गाडी सुरू केली. सर काचेपाशी आले.

"बॅगा काढ."

"सर, उद्या मला ऑफिस आहे."

"सुट्टी टाक. अर्धा डोंगर सांगायचा राहिलाय."