राजधानीला रस्ता द्या

आमच्या लालबागेतले गोविंदकाका गळ्यात शिटी अडकवून मॉर्निंग वॉकला निघतात. मागून कुणी भराभर चालत आलं की शिटी वाजते, आणि मागोमाग आवाज: "ए भो! लूप में ले! लूप में!"

लूप म्हणजे बाकडं. नव्या माणसाला हे समजायला वेळ लागतो.

आधी इथं रेल्वेची साइडिंग होती, मालगाडीच्या डब्यांत केळी भरायला. ती बंद पडली, रूळ उचलून नेले, आणि त्या जागी फरशी, बाकडी, झाडं लावून फिरायचा रस्ता झाला. पण गाव अजून त्याला पटरीच म्हणतं. एकदा इंदूरच्या आत्यानं फोनवर विचारलं, "दादा कुठंय?" मी म्हटलं, "बाबा सकाळीच पटरीवर गेलेत." तिकडं आत्या रडायलाच लागली.

बरं, काका रेल्वेत होते? मुळीच नाही! जिंदगी पावरलूमवर गेली. त्या खटखटीत बोलून बोलून आवाज असा झालाय की घरात मीठ मागितलं तर शेजारची बाई वाटी घेऊन येते.

"काका, रेल्वेचं एवढं नॉलेज कुठून?"

"अरे, घराच्या मागून लाइन जायची बे! सिंगल लाइन. तिच्यावर ओव्हरटेक नसतो. बडी गाडी आली की छोटीनं बाजूच्या लूप लाइनीत उभं राहायचं. रूल म्हणजे रूल!"

काकांनी सगळ्यांना दर्जे दिलेत. बँकेतले साहेब पॅसेंजर. योगा क्लासच्या बायका मालगाडी, हे त्यांना अजून माहीत नाही. मी शंटिंगचं इंजिन, कारण काम काही नाही, नुसतं इकडून तिकडं.

राजधानी एकच. काकू.

काकूंना लकवा मारला होता. डावा पाय ओढत चालतात. डॉक्टर म्हणाले, रोज चालल्या नाहीत तर पाय कायमचा जाईल. पण पहिल्याच दिवशी पोरं "साइड आंटी, साइड" करत पुढं पळाली, आणि काकू तिथूनच मागं वळल्या. "लोकांचा रस्ता अडवते मी. नाही यायचं मला." मग दाराबाहेर पडेचनात. तेव्हा काकांनी बाजारातून शिटी आणली.

आता राजधानी निघाली की आख्खी पटरी थांबते. ती इतक्या हळू येते की बाकड्यावरच्यांचा घाम वाळून जातो. मी नाकातून अनाउन्समेंट करतो, "यात्रीगण कृपया ध्यान दें, लालबाग से चलकर लालबाग को जानेवाली..." काकू पदरात हसतात. काका खेकसतात, "चूप बे! ड्यूटीवर आहे मी!"

परवा एक नवा पोरगा आला. कानात इयरफोन. काका शिटी फुंकतायत, लूप लूप ओरडतायत, त्याचं आपलं गाणं चालू. काकूंच्या खांद्याला घासून सरळ पुढं निघून गेला.

काकू थांबल्या. काकांचा चेहरा एवढासा झाला. आता या घरी वळणार आणि परत कधी येणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं.

काकूंनी पायाकडं पाहिलं. मग काकांकडं.

"तोंड काय पाडता? गाडी लेट आहे, कॅन्सल नाही झाली."

आणि डावा पाय ओढत पुढं निघाल्या.

काका धावत गेले आणि भर सकाळी, सगळ्या पटरीसमोर, त्यांनी काकूंचा हात धरला. आमच्याकडं त्या वयाचं कुणी रस्त्यात असं करत नाही. मालगाडीनं एकदम डोळे मिटून प्राणायाम सुरू केला. बँकेतले साहेब झाडावरचे पक्षी बघू लागले. मी खाली वाकून बुटाची लेस बांधत बसलो.

पायात चप्पल होती.