जिवंत आत्याचं सुतक

"तीन तास! श्वास आणि पापण्या सोडल्या तर माझं काही म्हणजे काही हलणार नाही. भूकंप होऊ दे, नाहीतर खुद्द राजा येऊन उभा राहू दे!" लोसालिनेने फिलिपाला छातीठोकपणे सांगितलं.

फिलिपा ही मांगेरे या टोंगन लोकांची मोठी वस्ती असलेल्या परदेशी उपनगरातल्या एका छोट्या कलादालनाची व्यवस्थापक. गोरी, उंच आणि सदा भारावलेली. "काय ताकद गं तुझ्यात!" ती म्हणाली आणि तिने दारावर पाटी लावली: 'मी कोणाची? कलाकार तीन तास बोलणार नाही. कृपया शांतता राखा.'

लोसालिनेने सगळं बारकाईने आखलं होतं. आत्यापुढे आपण लहान हे दाखवायला ती केस मोकळे सोडून, कमरेपासून कानापर्यंत जुनी, फाटकी, थोरली चटई गुंडाळून बसणार. मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरने दोन पुरुष उंचीचा फुसिपाला आत्याचा चेहरा. तो हळूहळू विरघळत लोसालिनेचा होणार आणि पुन्हा आत्याचा. सगळं फोनवर थेट दिसणार. कागदोपत्री विषय होता 'ओळख'. खरा विषय एवढाच होता, की आत्या चार वर्षं तिच्याशी बोलली नव्हती.

नर्सिंग सोडून ही पोर चित्रांच्या मागे लागली, त्या दिवसापासून आत्याने तोंड फिरवलं होतं. चर्चमध्ये एकाच बाकावर बसायच्या दोघी. पण आत्याची नजर अशी आरपार जायची, जणू तिथे पोर नाही, खिडकीची काच आहे! आता मूत्रपिंडं थकल्यामुळे आत्याला आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून रक्त शुद्ध करून घ्यावं लागत होतं. वेळ ओसरत होता. एकदा तरी तिने बघावं, आणि मग हवं तर शिव्या द्याव्यात, पण बोलावं!

म्हणून लोसालिनेने घरच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली: 'शनिवारी दोन वाजता. सर्वांनी पाहा.' खाली दुवा. खुलासा नाही. कलेचा खुलासा करायचा नसतो, असं ती तीन वर्षं कॉलेजात शिकली होती.

दोन वाजता ती बसली. अडीचपर्यंत सगळं झकास!

इकडे नातलगांनी फोन उघडले. समोर काय? विलिआमीची लेक लोसालिने केस सोडून, कानापर्यंत फाटक्या चटईत, आणि मागे फुसिपालाचा भलाथोरला फोटो, धूसर होत चाललेला! टोंगातलं शेंबडं पोरसुद्धा मयताला आलेल्यांच्या चटया पाहून सांगेल कोण गेलं ते. गेलेलं माणूस आपल्याहून जितकं थोर, तितकी आपली चटई मोठी आणि जीर्ण. आणि बापाच्या बहिणीहून थोर कोण असतं?

"फुसिपाला गेली!"

आत्याला फोन लावले. एक, दोन, सतरा. फोन पिशवीत, पिशवी दवाखान्याच्या कपाटात, आत्या यंत्रापाशी. उचलणार कोण? खात्रीच पटली. तिकडे टोंगात, नुकुअलोफाला, चुलत्यांनी मयताच्या जेवणासाठी डुक्कर धरायला माणसं पाठवली.

तीन वाजता दालनाचं दार उघडलं आणि काळ्या कपड्यांचा लोंढा आत शिरला. लोसालिने मनात हरखली. एवढे प्रेक्षक! मग तिने पाहिलं, हे तर सगळे आपलेच! आणि सगळ्यांच्या कमरेला चटया. बायकांनी मयताच्या आहेराला आणलेल्या, झाडाच्या सालीच्या कापडाच्या घड्या तिच्या पायाशी रचल्या. पेनिसिमानी, चुलत भाऊ, अळकुड्यांचं पातेलं घेऊन आला आणि कुजबुजला, "लोसा, माती कधी?"

कोणाची माती? लोसालिनेने जोरजोरात डोळे मिचकावले.

"रड बाई, रड," पेनिसिमानी म्हणाला. "साठवून ठेवू नकोस."

तेवढ्यात म्हाताऱ्यांनी सूर धरला:

*ऊठ गं फुसिपाला, दारी आले सगेसोयरे,*
*भावाच्या लेकीचे बाई, केस सुटले मोकळे।*
*हाक दे फुसिपाला, समुद्राला आली भरती,*
*तुझ्याविना चटईची, वीण घालू कोणावरती?*

दालनातले गोरे प्रेक्षक मुळापासून हादरले. एकजण तर भिंतीला टेकून हुंदके देऊ लागला. फिलिपा लोसालिनेच्या कानाशी वाकली. "हे ठरलं नव्हतं ना? जबरदस्त! असंच चालू दे!"

शेवटी बाप आला. विलिआमी. आयुष्यात कधी दालनाची पायरी न चढलेला. त्याने भिंतीवर बहिणीचा चेहरा पाहिला आणि तो गुडघ्यांवर कोसळला.

"माझी ताई गेली! आणि मला, सख्ख्या भावाला, हे पोरीच्या चटईवरून कळावं?"

आता मात्र भूकंप नाही, राजा नाही, पण लोसालिने हलली. ताडकन उभी राहून ओरडली, "बाबा! आत्या जिवंत आहे!"

मग पाद्रीबाबांनी पुढे येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोर भ्रमली आहे. तिच्यासाठी प्रार्थना करू या."

"अहो, खरंच जिवंत आहे! ही कला आहे!"

"हो गं माझी बाय," बाप हुंदके देत म्हणाला, "आपल्या मनात ती जिवंतच राहणार."

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या!

तिकडे दवाखान्यात नुकतीच पाळीवर आलेली एक टोंगन नर्स हातात फोन घेऊन, डोळे पुसत खाटेपाशी आली. "मावशी, बातमी वाईट आहे. फुसिपाला म्हणून कोणी बाई वारल्या. तुमच्या नात्यातल्या का हो?"

चारच्या सुमारास दालनाचं दार पुन्हा उघडलं. दंडाला पट्टी, हातात पिशवी, अंगावर फुलाफुलांचा झगा. फुसिपाला आत्या! गाणं मध्येच तुटलं. पेनिसिमानीच्या हातून पातेलं निसटलं आणि अळकुड्या दालनभर गडगडत गेल्या.

आत्याने एकेकाच्या कमरेकडे पाहिलं. "विलिआमी, ऊठ, जमीन थंड आहे. आणि तू रे पेनिसिमानी? माझ्या मरणाला एवढीशी चटई? रुमाल आहे का तो?"

"घाईत मिळाली ती गुंडाळली, आत्या."

"मी मेले, आणि तुला घाई!"

मग ती भिंतीपुढे थांबली. तिचा चेहरा विरघळत होता. गालावरची सुरकुती पुसली गेली, डोळे तरुण झाले, आणि तिच्या जागी भावाची लेक तिच्याकडे पाहू लागली. आत्या किती वेळ उभी होती कोण जाणे. चेहरा दोनदा गेला आणि आला.

"आत्या," लोसालिने म्हणाली, "हे तुझ्यासाठी केलं. तू बोलत नाहीस म्हणून..."

"चूप!"

चार वर्षांनी आत्याने तिला उद्देशून काढलेला पहिला शब्द!

"बाहेर काय लिहिलंय? तीन तास बोलायचं नाही. पाच वाजायला अजून तासभर आहे. बैस खाली."

लोसालिने बसली. आत्याने खुर्ची ओढली आणि गुडघ्याला गुडघा लावून समोर बसली. तासभर दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आत्याचे हात सुजले होते, ओठ राखेसारखे झाले होते. चर्चमधल्या बाकावर एका बाजूने हे कधी दिसलंच नव्हतं. लोसालिनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही सोय नव्हती. मागे नातलग आवाज न करता अळकुड्या वेचून खात होते.

पाच वाजले. लोसालिनेने घाईघाईने चटईची गाठ सोडायला घेतली.

"हात काढ!" आत्या म्हणाली. "ही नेसली की दहा दिवस उतरवायची नाही. आणि ही नेसणारी पाहुण्यांत बसत नाही, चुलीपाशी राबते. हे सगळे आता माझ्याच घरी येणार. चल."

"पण आत्या, तू मेलेली नाहीस!"

"म्हणूनच म्हणते चल." आत्याने तिच्या खांद्यावर भार टाकला आणि कण्हत उठली. "मेल्यावर तू पातेली कशी घासतेस, ते मला कोण दाखवणार होतं?"