एकतर्फी ओळख

मी ज्या निवाऱ्याचा अधीक्षक आहे, तेथे बेवारस प्राण्यांची तात्पुरती सोय केली जाते. यंदा सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला तसे वरिष्ठ कार्यालयातून परिपत्रक आले. ‘प्रत्येक प्राण्यास हक्काचे घर’ असा कार्यक्रम त्यात जाहीर झाला होता. सुट्ट्या संपतील तेव्हा निवाऱ्यातला एकही पिंजरा भरलेला दिसता कामा नये, असे शेवटी ठळक अक्षरांत बजावले होते. प्राणी कोणत्या घरी जावेत आणि तिथे किती दिवस टिकावेत, याविषयी परिपत्रक मौन बाळगून होते.

मी कामाला लागलो. कुत्र्यांच्या गळ्यात फिती बांधल्या, मांजरांना आंघोळी घातल्या आणि त्याबद्दल त्यांनी माझ्या हातांवर दिलेले अभिप्राय मलम लावून बुजवले. दत्तक घेणाऱ्यास पट्टा, लस आणि प्रशस्तिपत्र मोफत ठेवले. फुकट म्हटले की लोकांची भूतदया उफाळून येते. भराभर पिंजरे रिकामे झाले. मी समाधानाने खुर्चीत टेकलो, तर दारात नवीन प्राण्यांची रांग.

हे प्राणी रस्त्यात सापडलेले होते, असे आणणाऱ्यांचे म्हणणे होते. रस्ता मोठा प्रेमळ असावा. कुत्र्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता, नखे कापलेली होती. एक बेवारस मांजर तर स्वतःची उशी घेऊन आले होते. शिळी पोळी पुढे केली तेव्हा त्याने माझ्याकडे असे पाहिले की मीच शरमलो.

प्रकार माझ्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. प्रवासाला जाताना प्राणी ठेवून घेणारी खाजगी ठिकाणे सुट्टीत भाव वाढवतात. तेव्हा जाताना आपलाच प्राणी ‘सापडला’ म्हणून आमच्याकडे सोडायचा आणि परतल्यावर तोच दत्तक घ्यायचा. राखणही झाली, लसही झाली, वर प्रशस्तिपत्र. शहरातल्या प्राणिमित्रांनी एका दगडात इतके पक्षी मारलेले मी कधी पाहिले नव्हते.

मी ते वर कळवले का? नाही. आमच्या खात्यात एखादी गोष्ट माहीत असणाऱ्याची चौकशी होते आणि माहीत नसणाऱ्याची बढती. मी बढतीच्या उंबरठ्यावर होतो.

अशाच एका सकाळी बँकेतले एक साहेब आणि त्यांच्या पत्नी तपकिरी कुत्रा घेऊन आले. त्याच्या डाव्या कानाला चीर होती. बाहेर सामानाने भरलेली टॅक्सी उभी होती.

“कुठे सापडला?” मी विचारले.

“रस्त्यावर,” बाई म्हणाल्या. “आमच्या घरा... घराच्या जरा पुढे.”

“घरात नाही ना?”

“छे, काहीतरीच काय!”

कुत्र्याने तोवर साहेबांच्या बुटावर हनुवटी ठेवून डोळे मिटले होते.

“लळा फार लवकर लागलेला दिसतो,” मी म्हणालो.

“मुकं जनावर हो,” साहेब खोकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “याला दिवा मालवलेला चालत नाही. म्हणजे, चालत नसावा. रडायला लागलं तर कानामागे जरा खाजवायचं. उजव्या.”

“अहो, टॅक्सी!” बाई कडाडल्या.

साहेब दारापर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा गेले. कुत्रा चार नंबरच्या पिंजऱ्यात गजांना नाक लावून टॅक्सीचा आवाज विरेपर्यंत उभा राहिला. रात्री तो रडला. वीजबचतीचेही एक परिपत्रक आमच्याकडे आहे.

आता पेच असा की पिंजरे रिकामे हवेत. कुत्रा बेवारस आहे असे दोन सुशिक्षित माणसांनी सांगितलेले. बेवारस असेल तर त्याला घर शोधणे हे माझे कर्तव्य, आणि कर्तव्यात मी कसूर करत नाही.

बाजारामागे एका खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. पँटी आखूड करणे, शाळेचे गणवेश उसवून मोठे करणे, असली कामे त्या करत. त्यांचा म्हातारा कुत्रा वर्षापूर्वी गेला होता. प्रशस्तिपत्र नको म्हणाल्या, फोटोही नको म्हणाल्या. त्यामुळे मला त्यांचा थोडा संशयच आला.

“यातला रात्री रडतो तो कोणता?” त्यांनी विचारले.

“कशाला?”

“तोच द्या. मलाही झोप येत नाही. मशीन चालवत बसते, दिवा जळतच असतो.”

त्यांनी त्याचे नाव अस्तर ठेवले. वरून दिसत नाही पण ऊब देते, म्हणून. पुढच्या आठवड्यात मी बाजारात गेलो तेव्हा तो मशीनखाली त्यांच्या पायाशी झोपला होता आणि बाई पाय अवघडला तरी हलवत नव्हत्या.

सुट्ट्या संपल्या. बँकेतले साहेब पत्नीसह हजर झाले, दोघेही उन्हाने रापलेले.

“आम्हाला कुत्रा दत्तक घ्यायचाय,” बाई म्हणाल्या. “मध्यम चणीचा, तपकिरी, डाव्या कानाला चीर असलेला.”

“नाव काही ठरवलंय?”

“ब्रुनो,” साहेब पटकन म्हणाले. “म्हणजे, ठेवावं म्हणतो.”

“तो दिला.”

“दिला म्हणजे?” बाई उसळल्या. “आमचा...” साहेबांनी त्यांच्या कोपराला हात लावला. “आमचा नंबर आधी होता ना!”

प्रकरण वर गेले. ज्याला प्राणी सापडला त्याचा पहिला हक्क, असा बाईंचा दावा. वरिष्ठांनी ओळख चाचणी घ्यायचे ठरवले: कुत्रा अंगणाच्या मधोमध सोडायचा, तो ज्याच्याकडे जाईल त्याचा. वरिष्ठ स्वतः आले. नियमांचे त्यांना भारी प्रेम, म्हणून सुरुवातीलाच त्यांनी एक कलम मोठ्याने वाचून दाखवले. स्वतःचा प्राणी बेवारस म्हणून सोडणे हा गुन्हा असून तो सिद्ध झाल्यास खटला भरला जाईल आणि नोकरीच्या ठिकाणी कळवले जाईल. साहेबांचा रापलेला चेहरा पुन्हा बँकेतल्यासारखा झाला.

कुत्र्याला सोडले. त्याने एकदा हवा हुंगली आणि जो धावला तो साहेबांच्या छातीवरच. त्यांचा चष्मा पडला. कुत्रा त्यांचे तोंड चाटत होता आणि मध्येच असा कण्हत होता की अंगणात कोणालाही मान वर करवेना. शिंपीणबाईंच्या हातात नुसता पट्टा राहिला.

“त्यांचाच आहे,” त्या म्हणाल्या. “जाऊ दे त्यांच्याकडे. बघा ना, किती वाट बघत होतं बिचारं.”

वरिष्ठांनी पेन उघडले. “हा कुत्रा तुमचा आहे?”

साहेब मातीत पडलेला चष्मा शोधू लागले.

“अहो, बोला ना काहीतरी,” बाई कुजबुजल्या. “नोकरी जाईल!”

साहेबांनी रुमालाने तोंड पुसले. “मी याला ओळखत नाही.”

आवाज ऐकून कुत्र्याला आणखी उधाण आले.

“बस,” साहेबांच्या तोंडून निघून गेले. कुत्रा तत्काळ बसला.

“आपण त्याला आज्ञा केलीत?” वरिष्ठांनी विचारले.

“नाही. स्वतःला केली,” साहेब म्हणाले आणि अंगणातल्या मातीत खाली बसले.

वरिष्ठांनी निर्णय लिहिला: ‘कुत्रा सदर गृहस्थांना ओळखतो. सदर गृहस्थ कुत्र्याला ओळखत नाहीत. सबब ओळख एकतर्फी असल्याने दावा फेटाळण्यात येत आहे.’

शिंपीणबाईंनी कुत्र्याला उचलून नेले, कारण तो जागचा हलेना. त्यांच्या खांद्यावरून तो मागे पाहत राहिला. साहेब कोरडा चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते. मला फार वाईट वाटले, त्यांच्याबद्दल नाही, कुत्र्याबद्दल. पण कार्यालयीन वेळेत तशी तरतूद नसल्याने मी ते घरी जाऊन वाटून घेतले.

सगळे पिंजरे रिकामे झाल्याबद्दल माझी बढती झाली. निकाल वर्तमानपत्रात छापून आला आणि फोन खणखणू लागला. पुढच्या सुट्ट्या तोंडावर होत्या. कुत्रा आता रात्री रडतो का, हे कोणी विचारले नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच होता: सोडायला येताना आपल्या कुत्र्याने आपल्याला ओळखू नये म्हणून काय करावे? शेजाऱ्याच्या हातून पाठवला तर चालेल का?

काल संध्याकाळी तुमचाही फोन आला होता. नाव तुम्ही सांगितले नाहीत, पण आवाज मी लगेच ओळखला. तुम्ही निर्धास्त प्रवासाला निघा. आमच्याकडून ओळख दाखवली जाणार नाही.