दोन हिरे आणि माझे दाट केस

माझ्या डोक्यावरच्या एकेका केसाची शपथ घेऊन सांगतो, ही गोष्ट अगदी शब्दन् शब्द खरी आहे. म्हणजे, मूळ गोष्ट खरी आहे. सांगता सांगता तिला थोडं पॉलिश बसलंय हे मी नाकारत नाही, पण पॉलिश केलं म्हणून फरशी काही खोटी होत नाही. (हे मी अधिकाराने बोलतो. टाइल्सच्या कारखान्यात माल तपासण्यात माझा जन्म गेला. कुणाच्या घरी गेलो की मी आधी फरशी बघतो, मग यजमान.)

सगळं सुरू झालं ते एका बेसावध प्रश्नाने. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, म्हणून मी बायकोला विचारलं, तुला काय हवं? हा प्रश्न विचारताना नवऱ्याने "मला काय करायचंय आता" हे उत्तर गृहीत धरलेलं असतं. हिने भाजी चिरता चिरता मान वर न करता सांगितलं, "हिऱ्याची अंगठी. शेवटच्या बाकावरून दिसेल अशी."

शेवटच्या बाकाचं कारण असं, की ही कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. दिवसभर हातांनी बोलते. पोरं दिवसभर माझ्या हातांकडेच बघतात, मग त्यांना जरा बघण्यासारखं काही दिसू दे की, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. शिवाय हिचा मावसभाऊच दागिन्यांचं दुकान चालवतो, त्यामुळे फसवणूक झालीच असती तर ती घरातल्या घरात राहिली असती.

ही शाळेत जायच्या आधी आम्ही दुकानात गेलो. मी रजाच टाकली होती. मावसभावाने, म्हणजे दादाने, आमच्या ऐपतीचे दोन खडे मखमलीवर ठेवले. पहिला पाण्यासारखा स्वच्छ. रंगाची छटा नाही, आत ठिपका नाही, भिंगातून बघितलं तरी बोट ठेवायला जागा नाही. फक्त कट जरा चपटा. दुसऱ्यात किंचित पिवळट झाक आणि पोटात एक बारीकसा ठिपका, पण पैलू असे पाडलेले की दादाचा हात नुसता हलला तरी खडा डोळे मिचकावत होता. पहिल्याला मी मनातल्या मनात 'साहेब' नाव दिलं आणि दुसऱ्याला 'अवखळ'.

दादाने समजावलं, की रंग आणि स्वच्छता हे खड्याचं नशीब, पण कट ही कारागिराची करामत. कट नीट असला की वरून शिरलेला उजेड आत उड्या मारून पुन्हा वरूनच बाहेर येतो. चपटा असला की खालून गळून जातो, फुटक्या बादलीतल्या पाण्यासारखा.

हे ऐकून कुणीही शहाणा माणूस अवखळला उचलून घरी गेला असता. मी भिंग उचललं. ज्याने आयुष्यभर ठिपका दिसला की माल परत पाठवला, तो ठिपका विकत कसा घेणार?

"ठिपका आहे त्यात," मी म्हणालो.

"कुणाला दिसतो?"

"भिंगाला."

"माझ्या वर्गात भिंग नाही," ही म्हणाली. "आणि तुम्हाला बघायला आले होते तेव्हाही मी भिंग आणलं नव्हतं."

दादा खोकला. वाद मिटेना तेव्हा त्याने तोडगा काढला. दोन्ही खडे घरी न्या, आपल्या दिव्याखाली बघा, संध्याकाळी मी चहाला येतो आणि नको असेल तो परत नेतो. असा विश्वास नात्यातच टाकतात. (त्यानंतर त्याने तो नात्यातही टाकलेला नाही.) हिने पुडी माझ्या हातात दिली आणि शाळेत जाताना बजावलं, की मी येईपर्यंत उघडायची नाही.

उघडायची नाही म्हणजे कायमची नाही असं तर ती म्हणाली नव्हती. दुपारी मी आंघोळ केली, माझ्या दाट केसांना नेहमीसारखं सढळ हाताने तेल थापलं, आणि मग मला एक नामी कल्पना सुचली. आमच्या कारखान्यात टाइलला डोळ्यांना न दिसणारा तडा असेल, तर तो शोधायची एक रीत आहे. शाई फासायची आणि पुसून टाकायची. तडा असला की शाई त्यात बसते आणि निळी रेघ उठते. अवखळच्या पोटात ठिपका आहे तर अंगावर तडाही असणार, तो सिद्ध करायचा की वाद संपला.

मी ओला रुमाल पसरला, दोन्ही हिऱ्यांना निळी शाई फासली आणि पुसली. एक रेघ उठेल तर शपथ. पुन्हा फासली. रुमाल निळा झाला, बोटं निळी झाली, हिरे जसेच्या तसे. तेवढ्यात बेल वाजली. ही आली.

हिरे रुमालातच गुंडाळता गुंडाळता मला दरदरून घाम फुटला. घाम फुटला की माणूस काय करतो? हातातल्या रुमालाने कपाळ पुसतो, केसांवरून फिरवतो. मी तेच केलं. कुठेतरी टिक् असा आवाज झाला. रुमाल उघडून बघितला, तर त्यात शाईखेरीज काही नव्हतं.

दार उघडल्यावर हिने माझ्याकडे बघितलं, एक पाऊल मागे गेली आणि विचारलं, "निळे का झालात?"

मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. तिने पिशवी ठेवली आणि खोलीतला दिवा लावला. त्या क्षणी चपलांच्या स्टँडखालून काहीतरी लखकन चमकलं. अवखळ सापडला. शोधावाच लागला नाही, त्यानेच हाक मारली.

साहेबांनी मात्र हाक मारली नाही. आम्ही गालिचा झटकला, सोफा उलटा केला, मोरीची जाळी काढली. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्या टॉर्च घेऊन आल्या. झाडून काढलेला केर त्यांनी पिठाच्या चाळणीतून चाळला आणि त्यात दोन बटणं, एक जुना दात आणि हरवला समजून ज्याच्या जागी मी नवीन आणला होता तो नेलकटर मिळाला. मधूनमधून त्या माझ्या डोक्यावर टॉर्च मारून बघत आणि म्हणत, जावईबापू, शाई काही सगळी निघाली नाही हो.

मग ही खाली बसली. अवखळ तिच्या तळहातावर होता आणि ती बोटं हलवून त्याचा उजेड भिंतीवर नाचवत होती.

"तो सापडला नाही, तर पैसे त्याचे भरायचे," ती म्हणाली. "मग हा परत द्यावा लागेल."

तिने हे अगदी सहज म्हटलं. पण भिंतीवरचा उजेड थांबला, आणि मला स्वतःच्या कारखान्यातल्या सगळ्या टाइल्स स्वतःच्या डोक्यात फोडाव्याशा वाटल्या.

ठरल्या वेळी दादा आला. तोंडभर हसला, माझा अवतार बघून जास्त हसला, समोरच्या खुर्चीत बसला. हिने त्याच्या हातात चहा दिला. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी त्याच्यापुढे उभा राहिलो, हात जोडले, म्हणालो, "दादा, माझ्या हातून एक चूक झाली," आणि खरोखर शरमेने मान खाली घातली.

टुप्.

दादाने कपात बघितलं. चमच्याने तळ ढवळला आणि साहेबांना बाहेर काढलं. तेलात माखलेले, शाईत न्हालेले, चहात बुडालेले, तरीही निष्कलंक. इतका वेळ ते माझ्या दाट केसांत तेलाला चिकटून मजेत बसले होते.

"हिरा तेलाला घट्ट धरतो, भावोजी," दादा शांतपणे म्हणाला आणि नवा चहा मागितला.

ही एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली. सासूबाई तिला बघून हसल्या, मी सासूबाईंना बघून. कुठला खडा परत जाणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आता अवखळ हिच्या बोटात आहे. ती वर्गात 'पाऊस' म्हणते तेव्हा छतावर थेंब पडतात, आणि शेवटच्या बाकावरची पोरं तिला तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात.

आता कबुली. यातली एक गोष्ट मी रचलेली आहे: केस. माझ्या डोक्यावर केस नाहीत. कित्येक वर्षं नाहीत. (तेल मात्र खरं. आशा सुटत नाही.) थोडक्यात, तो हिरा ती अख्खी संध्याकाळ उघड्या मैदानावर बसला होता, ट्यूबलाइटखाली, सासूबाईंच्या टॉर्चच्या झोतात, तीन माणसांच्या डोळ्यांसमोर, आणि कुणालाही दिसला नाही. कट म्हणजे काय, हे मला याहून सोपं करून सांगता येणार नाही.

तरी एकदा मी हिला विचारलंच, की कट वाईट असला म्हणून काय झालं, हिरा तो हिरा, थोडा तरी चमकला असेल ना?

"चमकला असेल," ती म्हणाली, "पण तुमच्या डोक्यापुढे तो बिचारा कुठे दिसणार?"